कोटितीर्थाचा चित्रयोगी : आबालाल रहिमान

ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावे, अशी जुनी प्रथा आहे. हा पुरुष बहुधा आपल्याच ज्ञातीतील असतो, आणि ते योग्यही आहे. कारण आपल्या माणसांचे गुण आपण सांगितले नाहीत तर ते दुसऱ्या कोणी सांगावेत? परंतु यंदा आम्ही ज्याचे चरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत, तो पुरुष आपल्या ज्ञातीचा नव्हे, आपल्या धर्माचा नव्हे आणि आपल्या खानदेशाचाही नव्हे. तो कोल्हापूरचा. तळ्याकाठी बसून जन्मभर चित्रे काढीत राहिला आणि १९३१ साली हे जग सोडून गेला. त्याचे नाव आबालाल रहिमान.

ही निवड आम्ही का केली, ते लेखाच्या ओघात वाचकांच्या ध्यानी येईलच. आरंभी एवढेच सांगतो की, आपल्या घरोघरी चित्रकलेच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांस बसणारी मुलेमुली आहेत. परीक्षा होईपर्यंत त्यांचे कौतुक होते, प्रमाणपत्राला चौकटही बसते. आणि त्यानंतर रंगपेटी माळ्यावर जाते ती पुन्हा खाली येत नाही. त्या मुलांच्या वडीलधाऱ्यांनी हे चरित्र वाचावे, अशी आमची विनंती आहे.

आबालालांचे मूळ नाव अब्दुल अझीझ. जन्म कोल्हापुरास, १८५६ ते १८६० च्या दरम्यान झाला. वडील अरबी व फारसी भाषांचे जाणकार होते, आणि घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची विद्या होती. छापखाने सर्वत्र पोहोचण्यापूर्वी पवित्र ग्रंथ हाताने लिहिणे हे केवळ लेखकाचे काम नव्हते. ते कलावंताचेही काम होते. बोरूची जाडी, शाईचा दाटपणा, दोन ओळींतील अंतर, समासाभोवतीची वेलबुट्टी, ह्या साऱ्यांत हात स्थिर आणि नजर जागृत असावी लागते. एक अक्षर बिघडले तर सारे पान वाया जाते. ज्या मुलाने हे काम लहानपणापासून पाहिले, त्याच्या हाताला शिस्त लागली नसती तरच नवल. पुढे चित्रशाळेत आबालालांच्या रेषेची जी वाखाणणी झाली, तिचे मूळ आम्हांस ह्या घरच्या संस्कारांत दिसते.

त्यांच्या अंगचा गुण प्रथम एका इंग्रज बाईंनी हेरला, असे सांगतात. कोल्हापुरात त्या वेळी राहत असलेल्या एका बड्या इंग्रज अधिकाऱ्याच्या त्या पत्नी होत. फारसीच्या शिकवणीच्या निमित्ताने ओळख झाली, मुलाची चित्रे त्यांच्या दृष्टीस पडली आणि त्यांच्या शब्दाने मुंबईची वाट मोकळी झाली. ते काही असले तरी, १८८० च्या सुमारास आबालाल मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत दाखल झाले, ही गोष्ट पक्की आहे.

ही कलाशाळा १८५७ साली सर जमशेटजींच्या देणगीतून स्थापन झाली होती. आबालाल तेथे शिकत होते त्या काळात जॉन ग्रिफिथ्स हे तेथील प्रमुख होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती आपल्या विद्यार्थ्यांकडून करवून घेण्याचे प्रचंड काम १८७२ पासून ज्यांनी चालविले, तेच हे ग्रिफिथ्स. अजिंठ्याची लेणी आपल्या खानदेशाच्या वेशीवरच आहेत. तेव्हा ह्या कलाशाळेचा आणि आपल्या मुलुखाचा असा एक जुना ऋणानुबंध आहे, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे. तेथील शिक्षण इंग्रजी पद्धतीचे होते. समोरची वस्तू जशी दिसते तशी, तिच्या छायाप्रकाशासह आणि यथार्थदर्शनाच्या नियमांनी कागदावर उतरविणे हा त्या शिक्षणाचा पाया. आबालालांनी त्या पायावर असे प्रभुत्व मिळविले की, १८८८ साली त्यांना व्हाइसरॉयच्या नावाचे पदक मिळाले. विद्यार्थिदशेत त्यांनी शाईने केलेली रेखाटने कलाशाळेने आपल्या संग्रही जपून ठेवली, आणि पुढील पिढ्यांतील विद्यार्थ्यांपुढे ती आदर्श म्हणून राहिली.

वाचकहो, १८८८ हे साल कोणते? त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे आर्ट सोसायटी स्थापन झाली. राजा रविवर्म्यांची कीर्ती देशभर पसरली होती. कोल्हापुरातच जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर दोन वर्षांनी, म्हणजे १८९० साली, त्याच कलाशाळेत शिकावयास येणार होते आणि पुढे मोठ्या पदास चढणार होते. मुंबई हे चित्रकाराच्या उत्कर्षाचे ठिकाण बनू लागले होते. धनिकांच्या तसबिरी, संस्थानिकांची कामे, प्रदर्शनांतील पारितोषिके, सारे काही त्या शहरात होते. हातात व्हाइसरॉयचे पदक असलेला तरुण तेथेच राहता तर त्यास कशाची उणीव पडली असती? परंतु आईवडिलांच्या आजारपणामुळे आबालाल कोल्हापुरास परतले, आणि मग मुंबईस पुन्हा वास्तव्यास गेले नाहीत. लौकिक दृष्टीने पाहता त्यांच्या आयुष्यातील हा तोटा होय. चित्रकलेच्या दृष्टीने मात्र येथूनच त्यांचे खरे आयुष्य सुरू झाले.

कोल्हापूर हे पाण्याचे गाव आहे. पश्चिमेस रंकाळ्याचा विस्तीर्ण जलाशय. त्यात संध्यामठाची दगडी वास्तू, जी पावसाळ्यात पाणी चढले की निम्मी बुडते आणि उन्हाळ्यात पुन्हा पायऱ्यांसह उघडी पडते. उत्तरेस पंचगंगेचा घाट आणि त्यावरची देवळे. पूर्वेच्या अंगास कोटितीर्थ नावाचे तळे व त्याच्या काठी महादेवाचे देऊळ. ह्या कोटितीर्थाच्या परिसरात आबालाल एखाद्या फकिरासारखे राहू लागले. सकाळी कागद, कुंचले व पाण्याचे भांडे घेऊन बाहेर पडावे. जेथे प्रकाश मनाजोगा दिसेल तेथे बसावे. समोरचे झाड, पाणी, घाट, पायवाट कागदावर उतरवावी. ऊन वर आले की उठावे आणि सायंकाळी पुन्हा निघावे, हा त्यांचा क्रम. मुसलमानाच्या घरी जन्मलेला हा पुरुष हिंदूंच्या तीर्थाकाठी बसून देवळांची व मठांची चित्रे काढी, आणि त्यात कोणास वावगे वाटले नाही. पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबास जात नसते, हे त्या काळच्या कोल्हापुरास ठाऊक होते.

येथे थोडे विषयांतर करून, उघड्यावर बसून जलरंगांत चित्र काढणे म्हणजे काय, हे सांगणे आवश्यक आहे. त्याशिवाय आबालालांच्या तपश्चर्येची कल्पना यावयाची नाही. पूर्वी चित्रकार आपले रंग स्वतः घोटून तयार करी आणि चित्र खोलीत बसून काढी. पुढे इंग्लंडात पाण्यात चटकन विरघळणाऱ्या तयार वड्या निघाल्या. १८३२ च्या सुमारास त्या ओलसर, मऊ स्वरूपात मिळू लागल्या. १८४१ साली जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकाराने कथलाच्या नळीत रंग भरण्याची युक्ती काढली. अशा रीतीने चित्रकाराचे सारे साहित्य एका पेटीत मावू लागले आणि तो घराबाहेर पडला. फ्रान्समध्ये ह्याच सवयीतून एक नवा पंथ जन्मास आला आणि १८७४ साली पॅरिसमध्ये त्या पंथाचे पहिले प्रदर्शन भरले. वस्तूपेक्षा तिच्यावर पडलेल्या प्रकाशाचे चित्र काढावे, हा त्या पंथाचा आग्रह होता.

तैलरंगांत चुकलेला भाग खरवडता येतो, झाकता येतो, आठ दिवसांनी पुन्हा हाती घेता येतो. जलरंगांत ती सवलत नाही. तेथे पांढरा रंग म्हणजे कागदाचाच पांढरेपणा. ढगाची कड, पाण्यावरची चमक, शुभ्र वस्त्राची घडी आधीच मनात ठरवून कोरी ठेवावी लागते. रंग फिकटाकडून गडदाकडे चढवीत न्यावयाचे असतात. पहिला हात ओला असतानाच दुसरा दिला तर रंग एकमेकांत मिसळून धुके, पाऊस, दूरचे डोंगर साधतात. तो वाळल्यावर दिला तर कडा स्वच्छ उमटतात. ह्या दोहोंतील नेमका क्षण ओळखणे हेच सारे कौशल्य. त्यात सूर्य कोणासाठी थांबत नाही. तासा-दीड तासात सावल्या सरकतात आणि समोरचे दृश्य निराळेच होऊन बसते. कोरड्या उन्हात कागद पाहता पाहता वाळतो, पावसाळी हवेत तो वाळता वाळत नाही. आमच्या नंदुरबारास वैशाखात कोणी बसेल तर कुंचला कागदास टेकण्यापूर्वीच सुकतो की काय, असे त्यास वाटेल; आणि तोच मनुष्य श्रावणात तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी बसला तर पहिला हात वाळण्याची वाट पाहता पाहता त्याची दुपार टळेल. सारांश, जलरंगाचे निसर्गचित्र हे धाडसाचे आणि संयमाचे काम एकाच वेळी असते.

आबालालांनी हे काम केवळ साधले असे नव्हे, तर ते आपल्या वाटेने पुढे नेले. कलाशाळेत त्यांनी मिळविलेली काटेकोर रेषा हळूहळू मागे सरली. तिच्या जागी रंगांचे छोटे छोटे ठिपके आणि तुटक फटकारे आले. जवळून पाहता ते विस्कळीत दिसावेत आणि चार पावले मागे सरकताच त्यांतून ऊन, पाणी व पाने उभी राहावीत, असा त्यांचा परिणाम होतो. पॅरिसच्या त्या नव्या पंथाशी ह्या चित्रांचे साम्य जाणत्यांनी नोंदविले आहे. परंतु ह्या साम्यासाठी कोणाचे अनुकरण शोधण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. जो मनुष्य वर्षानुवर्षे एकाच तळ्याकाठी बसून पाण्यावरील प्रकाश पाहील, त्यास प्रकाश तुकड्यातुकड्यांनी हलतो हे कोल्हापुरातही दिसेल आणि फ्रान्समध्येही दिसेल. पैशाची सदा टंचाई असल्याने विलायती रंगांवर ते अवलंबून राहिले नाहीत. झाडपाल्यापासून व दगडमातीपासून आपले रंग ते स्वतः तयार करीत, आणि हाती येईल तो कागद वापरीत, असे त्यांच्याविषयी सांगतात.

ह्या फकिरास आश्रय मिळाला तो राजर्षी शाहू छत्रपतींचा. महाराजांनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला. त्यांनी आबालालांस दरबारी चित्रकार नेमले आणि शिकारीच्या प्रसंगांची व इतर अनेक चित्रे त्यांच्याकडून करवून घेतली. महाराजांचे नाव आपल्या ज्ञातिसंस्थेस अपरिचित नाही. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात निरनिराळ्या जातिजमातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे निघावीत म्हणून जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली आणि प्रत्येक समाजाने आपल्या मुलांचा भार आपण उचलावा, ही जाणीव निर्माण केली. ज्ञातीज्ञातींच्या वसतिगृहांची जी चळवळ पुढे महाराष्ट्रभर पसरली, तिला ह्या कार्याने मोठे बळ दिले. त्याच राजाच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेबांसारखा थोर गवई होता आणि आबालालांसारखा चित्रकार होता. वसतिगृहास अन्न आणि कलावंतास आश्रय, ह्या दोन गोष्टी महाराजांना परस्परविरोधी वाटल्या नाहीत. आधी पोट, मग कला, असे जे आपण सहज म्हणून जातो, त्यास हे एक उत्तर आहे.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज मुंबईत निवर्तले. वय अवघे सत्तेचाळीस. आबालालांवर ह्याचा मोठाच आघात झाला. त्यानंतरची जी गोष्ट कोल्हापुरात सांगितली जाते, ती अशी की, त्या दुःखात आबालालांनी आपली सुमारे वीस हजार चित्रे पाण्याच्या स्वाधीन केली.

वीस हजार हा आकडा ऐकून मन थक्क होते. शिक्षकी पेशाच्या सवयीने आम्ही त्याचा हिशेब मांडून पाहिला. १८८८ ते १९२२ ही चौतीस वर्षे धरली तर वर्षास सुमारे पाचशे नव्वद चित्रे पडतात, म्हणजे दिवसाला दीडाहून थोडी अधिक. सकाळी एक आणि सायंकाळी एक, अशी छोटी जलरंगचित्रे नेमाने काढणाऱ्या पुरुषाच्या बाबतीत हा आकडा अगदीच अशक्य कोटीतला नाही. लोकांच्या तोंडी तो वाढला असेल, असे कोणी म्हणेल. परंतु निम्मा, किंबहुना चौथा हिस्सा धरला तरीही तो एका माणसाच्या हातून घडलेला केवढा मोठा ठेवा होता!

ह्या गोष्टीकडे वैराग्याचा महिमा म्हणून पाहण्याची प्रथा आहे. आम्हांस तसे पाहवत नाही. त्या कृत्यामागील दुःख खरे होते, आणि त्याविषयी आम्ही आदरच बाळगतो. परंतु पाण्यात गेले ते केवळ एका माणसाचे नव्हते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरचे कोल्हापूर, त्याची तळी, त्याचे वृक्ष, तेव्हाची पहाट आणि तेव्हाची संध्याकाळ, हे सारे त्या कागदांवर होते. कोटितीर्थाशेजारी १९०६ साली शाहू मिल उभी राहिली, पुढे वस्ती वाढत गेली. त्यापूर्वीचे ते तळे पाहण्याचे कितीतरी झरोके एका दिवसात मिटले. आणि ह्यातील मुख्य प्रश्न आम्हांस असा वाटतो की, एक राजा गेल्याबरोबर ह्या चित्रकारास आपली चित्रे कोणासाठी ठेवावीत, हे कळेनासे का झाले? एवढ्या मोठ्या नगरात ती मागून घेणारी, जपून ठेवणारी शेपन्नास घरे त्याच्या भोवती असती, तर त्याचे हात पाण्याकडे वळले असते काय? आश्रय एकाच माणसाचा असला की तो त्या माणसाबरोबर जातो. समाजाचा असला तर टिकतो. वसतिगृहांच्या बाबतीत ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी ओळखली, म्हणूनच संस्था स्थापन झाल्या. कलेच्या बाबतीत ती अद्याप आपण पुरती ओळखलेली नाही.

महाराजांच्या पश्चात आबालाल आणखी नऊ वर्षे जगले. हे दिवस हलाखीचे होते. परंतु चित्रकला सुटली नाही. २८ डिसेंबर १९३१ रोजी त्यांचे देहावसान झाले.

त्यांचे कार्य मात्र पाण्यात विरघळून गेले नाही. कोल्हापूरच्या पुढच्या पिढीतील चित्रकारांनी त्यांना गुरुस्थानी मानले. त्यांत कलामहर्षी बाबूराव पेंटर हे अग्रगण्य होत. १८९० साली जन्मलेल्या ह्या पुरुषाने महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट केला आणि त्यांच्या हाताखाली व्ही. शांतारामांसारखे दिग्दर्शक तयार झाले. कोल्हापूरला कलापूर म्हणतात, त्या नावलौकिकाच्या पायात हा तळ्याकाठचा फकीर आहे. त्यांची जी चित्रे वाचली, त्यांपैकी काही कोल्हापूरच्या टाउन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहेत. अंबाबाईच्या दर्शनास आपल्यापैकी अनेक कुटुंबे जातात. त्यांनी परतीच्या वाटेवर एक तास काढून, मुलांना बरोबर घेऊन, ती अवश्य पाहावीत.

आता आपल्या नंदुरबार जिल्ह्याकडे वळून हा लेख संपवितो. १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला. परंतु निसर्गाने त्यास त्याचे वेगळेपण फार पूर्वीच दिले आहे. प्रकाशे येथील तापी-गोमाईचा संगम आणि त्याकाठची देवळे, फाल्गुनात पळसाने पेटलेले सातपुड्याचे उतार, पावसाळ्यात ढगांत हरवणारे तोरणमाळचे पठार, हिवाळ्यात शहराभोवती वाळत पडलेल्या मिरचीच्या लालभडक पथारी, हे सारे एखाद्या आबालालाची वाट पाहत आहे. जलरंगास मोठे भांडवल लागत नाही. एक पेटी, दोन कुंचले, चांगला जाड कागद, एक फळी आणि पाण्याचा डबा एवढे साहित्य पुरते. शहरातील बागेतल्या बाकावरही आरंभ करता येतो. एकाच झाडाचे सकाळचे, दुपारचे व सायंकाळचे अशी तीन चित्रे काढली तरी मुलास जे दिसू लागेल, ते पुस्तकातून शिकविता येणारे नाही. झाड तेच, परंतु दुपारी त्याची सावली खोडाशी गोळा होते आणि सायंकाळी ती वाट ओलांडून पलीकडे जाते, एवढे मुलाच्या नजरेस आले तरी पुष्कळ झाले.

वडीलधाऱ्यांकडे आमचे मागणे त्याहून लहान आहे. मुलाने चित्र काढले तर त्याच्या पाठीमागे पेन्सिलीने नाव, गाव व तारीख लिहावी. ते उन्हात टांगू नये, कारण जलरंग उन्हाने विटतात. ओलसर भिंतीलाही लावू नये, कारण कागदास बुरशी धरते. दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये घालून, कोरड्या जागी, सपाट ठेवावे. ते चित्र थोर असेल असे नाही, बहुतेक नसेलच. परंतु आपण काढलेले कोणी तरी जपून ठेवते, हे ज्या मुलास कळते, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा कागद घेऊन बसते. आपल्या संस्थेनेही वार्षिक मेळाव्यात गुणवंतांच्या सत्काराबरोबर ज्ञातीतील मुलामुलींची चित्रे एका भिंतीवर मांडावीत, अशी सूचना आम्ही कार्यकारी मंडळापुढे नम्रपणे ठेवतो. चार खिळे आणि एक दोरी, एवढाच त्याचा खर्च आहे.

आबालालांच्या स्मृतीस आमचे सविनय वंदन असो.